एका रविवारी पाडवा, ईद आणि एकोणतिसावा रोजा

३० मार्च २०२५चा रविवार. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी गॅलरीत गुढी उभी होती, आई श्रीखंडात चारोळ्या टाकत होती. तेवढ्यात सियागंजातल्या ओळखीच्या बोहरा दुकानदाराचा मुलगा डबा घेऊन आला. डब्यात शीरखुर्मा. "आंटी, आज हमारी ईद है." आईने त्याच्या हातावर श्रीखंड ठेवलं.

दुपारी मी बंबई बाजारातल्या शिंप्याला फोन केला. पाडव्याला घालायचा कुर्ता त्याच्याकडे महिनाभर पडून होता. मास्टरजी म्हणाले, "भिया, आज उनतीसवां रोज़ा है. चांद दिख गया तो कल ईद, नी दिखा तो परसों. कुर्ता ईद के बाद." एवढ्यात दुबईहून भाच्याचा मेसेज आला, तिकडे आजच ईद आहे, ऑफिसला सुट्टी आहे.

आई म्हणाली, "एका गावात दोन ईदा? मग खरी कुठली?"

मी म्हटलं, "तुझा श्रावण खरा की शर्मा भाभींचा?"

### आधी आपलं घर

इंदूरच्या मराठी माणसाला हा प्रश्न पडायला नको, असं माझं मत आहे. दर वर्षी आमच्या गल्लीत दोन श्रावण येतात. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून शर्मा भाभींचा सावन सुरू होतो, त्यांचे सोमवार लागतात. आईचा श्रावण पुढे पंधरा दिवसांनी, आषाढी अमावस्या उलटल्यावर. कारण साधं आहे. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. पहिल्या पद्धतीला पूर्णिमांत म्हणतात, दुसरीला अमांत. आकाशातला चंद्र तोच, फक्त वहीत रेघ कुठे मारायची याची सवय वेगळी. उज्जैनला महाकालाची सवारी सावन संपल्यावरही अर्ध्या भाद्रपदापर्यंत निघत राहते. मराठ्यांच्या राज्यात त्यांचाही श्रावण सांभाळला गेला म्हणून, असं तिथले लोक सांगतात.

आणखी जवळचं उदाहरण भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. कधीकधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते, आधी स्मार्त आणि मग भागवत. दोन्ही धरणारे लोक एकाच घरात असू शकतात. कोणी कोणाला तुझी खोटी म्हणत नाही. फार तर "आज साबुदाणा, उद्या परत साबुदाणा?" एवढीच कुरकुर होते.

### ईद दर वर्षी का सरकते

एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्यामुळे चंद्राचा महिना कधी २९ दिवसांचा असतो, कधी ३०. असे बारा महिने मांडले की ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दर वर्षी अकरा दिवसांचा खड्डा पडतो.

हा खड्डा आपल्या पंचांगातही पडतोच. पण आपण तो भरतो. साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना घालतो, तोच धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे मिळतात आणि दिवाळी थंडीच्या तोंडावरच राहते. इस्लामी पंचांगात, म्हणजे हिजरीत, हा जादा महिना नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढेमागे करण्याची चाल होती. तिला 'नसी' म्हणत. कुराणाच्या नवव्या अध्यायात वर्षाचे महिने बाराच, असं सांगून या प्रकाराला मनाई केली आहे. त्यामुळे अकरा दिवसांचा खड्डा तसाच राहतो आणि रमजान दर वर्षी इंग्रजी तारखेत दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सुमारे ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून मूळ जागी परततो. १९९७मध्ये एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू झाला होता, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अगदी शेवटी. २०३०मध्ये पुन्हा तसंच होणार आहे.

इंग्रजी कॅलेंडरातून पाहिलं तर रमजान हळूहळू मागे सरकताना दिसतो. मराठी पंचांगातून पाहिलं तर चित्र वेगळंच दिसतं आणि मला तेच जास्त आवडतं. तिथे तो सरकत नाही, उडी मारतो. २०२५मध्ये पाडवा आणि ईद शेजारी आले, कारण आपला चैत्र आणि हिजरीचा शव्वाल हा महिना एकाच अमावस्येतून निघाले. २०२६लाही दोघे जवळजवळच. पण मे-जून २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. आपण एक महिना थांबतो, हिजरी थांबत नाही. म्हणून २०२७मध्ये ईद मार्चमध्ये येईल आणि पाडवा एप्रिलमध्ये. दोघांमध्ये जवळजवळ एक महिन्याचं अंतर. धोंड्याचा महिना हा असा दोन्ही पंचांगांमधला सांधा आहे. ज्या वर्षी अनारसे, त्यानंतर ईद एक घर मागे.

### चंद्र असतो, पण दिसत नाही

आता एका दिवसाच्या फरकाकडे येऊ. खरा घोळ इथेच आहे.

अमावस्येला चंद्र सूर्याच्या दिशेलाच असतो, त्यामुळे दिसत नाही. अमावस्या संपल्याच्या क्षणी तिथीच्या हिशोबाने नवा महिना लागतो. आपल्याला तेवढं पुरतं. प्रतिपदा सुरू झाली, संपलं. हिजरी महिन्याला एवढं पुरत नाही. तिथे पश्चिमेला, सूर्य बुडाल्यावर, चंद्राची कोर डोळ्यांना दिसावी लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्येनंतर एकदोन दिवसांनी 'चंद्रदर्शन' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते आपण वाचत नाही. शेजारच्या मोहल्ल्याचा महिना त्याच शब्दावर उभा आहे.

चंद्र सूर्यापासून तासाला साधारण अर्धा अंश दूर जातो. फार जवळ असेल तर कोर इतकी बारीक असते आणि संधिप्रकाश इतका दाट असतो, की चंद्र क्षितिजाच्या वर असूनही दिसत नाही. अमावस्या उलटून सोळा-सतरा तासही झाले नसतील, तर नुसत्या डोळ्यांनी कोर दिसणं म्हणजे विक्रमच म्हणायचा.

त्या पाडव्याचा हिशोब घ्या. फाल्गुन अमावस्या संपली २९ मार्चला दुपारी साडेचारच्या सुमारास. त्या संध्याकाळी इंदूरला सूर्य मावळला तेव्हा नव्या चंद्राचं वय जेमतेम दोन तास होतं. दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी, म्हणजे पाडव्याला, वय झालं सव्वीस तास. आकाश स्वच्छ असेल तर दिसणारच. म्हणून बहुतेक भारतात ईद ३१ मार्चला.

मग दुबईला आदल्या दिवशी कशी? एक कारण भूगोलाचं. पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो, तेवढ्यात चंद्र आणखी थोडा सरकतो. इंदूरला न दिसलेली कोर अरबस्तानात दिसू शकते, हे अनेकदा खरंच घडतं. पण त्या वर्षी एवढ्याने भागत नव्हतं. २९च्या संध्याकाळी तिकडेही चंद्र दिसणं शक्य नाही, असं बरेच खगोल अभ्यासक आधीपासून सांगत होते. तरी सौदी अरेबियाने चंद्र दिसल्याचं जाहीर केलं आणि आखातातल्या अनेक देशांनी तेच धरलं. हा वाद त्यांच्यातही जुनाच आहे.

### बोहऱ्यांची ईद आधी, ती कशी

दाऊदी बोहरा समाज चंद्र पाहून महिना धरत नाही. त्यांचं पंचांग गणिताचं. इजिप्तमधल्या फातिमी खलिफांच्या परंपरेतून आलेलं, म्हणून त्याला मिसरी, म्हणजे इजिप्तचं, म्हणतात. नियम पाढ्यासारखा आहे. पहिला महिना ३० दिवसांचा, दुसरा २९चा, तिसरा ३०चा, असं एकाआड एक. ३० वर्षांच्या एका फेऱ्यात ११ वर्षं अशी, की त्यांच्या शेवटच्या महिन्यात एक दिवस जादा. झालं. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर ३० वर्षांचे १०,६३१ दिवस होतात. त्याला ३६० महिन्यांनी भागा, उत्तर येतं २९.५३. खऱ्या चंद्राशी एवढं जुळतं, की एका दिवसाची चूक पडायला अडीच हजार वर्षं लागतात. कॅल्क्युलेटर नसताना केलेला हा हिशोब आहे, हे मला अजून पचत नाही.

या पद्धतीत रमजान नववा, म्हणजे विषम क्रमांकाचा महिना. म्हणून बोहऱ्यांचा रमजान कायम ३० दिवसांचा. आणि गणित दिसण्याची वाट पाहत नाही, त्यामुळे त्यांचा महिना एकदोन दिवस आधी लागतो. २०२५मध्ये त्यांचा पहिला रोजा २८ फेब्रुवारीला होता, मास्टरजींचा २ मार्चला. सुरुवातीला फरक दोन दिवसांचा. पण मास्टरजींचा महिना २९चा निघाला आणि बोहऱ्यांचा ३०चा होता, म्हणून ईदेला फरक उरला एकाच दिवसाचा. इंदूरमध्ये बोहरा वस्ती मोठी आहे. २०१८मध्ये त्यांचे धर्मगुरू सैयदना मुफद्दल सैफुद्दीन यांची मोहरमची प्रवचनं इथेच झाली, पंतप्रधानही आले होते. त्यामुळे एका शहरात दोन ईदा ही आमच्याकडे बातमी नसते. सियागंजातली निम्मी दुकानं बंद दिसली की आम्ही समजतो.

### 'गणित एवढं पक्कं आहे, तर आकाशाकडे कशाला बघायचं?'

हा प्रश्न मला ऑफिसात तीनदा विचारला गेला आहे, दर वेळी जरा खोचक सुरात. उत्तर आमच्याच गल्लीत आहे.

आई संकष्टी धरते. चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. बाहेर धो धो पाऊस असला तरी वेळ झाली की आई नैवेद्य दाखवून जेवायला बसते. चंद्र दिसला नाही म्हणून उपाशी झोपलेली मी तिला पाहिलेली नाही. शर्मा भाभी करवा चौथ करतात. त्या गच्चीवर चाळणी घेऊन उभ्या राहतात आणि चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाणी पीत नाहीत. ढग आले तर नवरा स्कूटर काढून दुसऱ्या कॉलनीतल्या नातेवाइकाला विचारतो. आई गणितावर चालते, भाभी दर्शनावर. आईला दर्शन नको असतं असं नाही, आणि भाभींनाही गणित कळतं. व्रताचं मर्म कशात धरलं आहे, तेवढाच फरक.

पैगंबरांचं वचन आहे, की चंद्र पाहून रोजे धरा आणि चंद्र पाहून सोडा, आणि ढग असतील तर तीस पूर्ण करा. बहुसंख्य सुन्नी आणि शिया हे वचन अक्षरशः घेतात. तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या काही संस्था गणितावर तारखा आधीच जाहीर करतात. भारतातही हा वाद चालू आहे, बाहेरच्यांपेक्षा घरच्यांमध्येच जास्त.

ही 'पाहणी' म्हणजे कोणीही उठून ओरडलं आणि ईद झाली, असं नसतं. २९व्या संध्याकाळी लोक गच्च्यांवर, मशिदींच्या माथ्यावर चढतात. ज्याला कोर दिसली तो साक्ष देतो आणि साक्षी तपासून शहर काझी जाहीर करतात. दुसऱ्या शहरांतून फोन येतात, तेही तपासले जातात. इथला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. हनफी पंथात, जो आपल्या भागात सर्वाधिक आहे, आकाश ढगाळ असेल तर रमजान सुरू करायला एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. रमजान संपवायला मात्र दोन साक्षीदार लागतात. आकाश स्वच्छ असेल तर दोन्ही वेळा बऱ्याच जणांनी पाहिलेलं असावं लागतं. महिनाभराच्या उपवासानंतर माणसाला चंद्र जरा लवकरच दिसायला लागतो, हे नियम करणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

### 'मग बकरी ईदला अशी धावपळ का नसते?'

कारण ती महिन्याच्या दहाव्या दिवशी येते. जिल्हिज महिन्याचा चंद्र दिसला की पुढचे दहा दिवस सगळे निवांत, बोकडांचे भाव सोडून. मोहरमची आशुराही दहावी. राजवाड्याजवळच्या इमामबाड्यातून होळकरांच्या काळापासूनचा सरकारी ताजिया निघतो, त्याची तारीखही दहा दिवस आधी पक्की होते. रमजान ईद मात्र महिन्याच्या पहिल्याच दिवशी. आज संध्याकाळी चंद्र दिसला की उद्या सकाळी ईद, मध्ये फक्त एक रात्र. या रात्रीचं नावच चांदरात. शिंप्यांचे, बांगड्यावाल्यांचे, शेवयावाल्यांचे जे हाल होतात ते याच रात्री.

इथे आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजी मध्यरात्री, हिजरी सूर्यास्ताला. म्हणून रमजानची विशेष रात्रीची नमाज, जिला तरावीह म्हणतात, ती पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्रीच सुरू होते. आणि सत्ताविसावी रात्र म्हणतात ती सव्विसावा रोजा सोडल्यानंतरची. मास्टरजींनी "सत्ताईसवीं को आना" म्हटलं आणि मी एक दिवस उशिरा गेलो, हे आमच्यातलं जुनं भांडण आहे.

### घड्याळ सूर्याचं

महिना चंद्राचा असला तरी दिवसभराचं वेळापत्रक सगळं सूर्यावर चालतं. पाच नमाज: फज्र पहाटेची, जोहर दुपार कलल्यावरची, असर उतरत्या उन्हातली, मगरिब सूर्यास्तानंतर लगेच, इशा रात्रीची. घड्याळं नव्हती तेव्हा असरची वेळ सावलीवरून ठरायची. काठी रोवायची आणि भर दुपारी पडलेली सावली सोडून उरलेली सावली मोजायची. हनफी पंथात ती काठीच्या दुप्पट झाली की असर, शाफई पंथात काठीएवढी झाली की. इथेही दोन पद्धती, इथेही सूर्य एकच.

रोजा सूर्योदयाला सुरू होतो, असा सगळ्यांचा समज असतो. तो त्याच्या तास-सव्वा तास आधी, पहाट फुटली की सुरू होतो. त्यातही आधी आकाशात उभा पट्टा उजळतो, ती खोटी पहाट. मग क्षितिजावर आडवा उजेड पसरतो, ती खरी. त्याच्या आत सहरी, म्हणजे पहाटेचं जेवण, उरकायचं. नंतर सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. इंदूरमध्ये डिसेंबरचा रोजा बारा तासांच्या आसपास, जूनचा पंधराच्या आसपास. रमजान फिरत असल्यामुळे जन्मभरात प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही येतात. कायम एकाच ऋतूत अडकला असता तर राजस्थानातल्या मजुराने काय केलं असतं, हा विचार करून बघा. आजारी, प्रवासी, गरोदर बायका, लहान मुलं यांना सूट आहे. प्रवासात किंवा आजारपणात सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात.

आणि हो, मुंबईचं इफ्तारचं वेळापत्रक इंदूरला चालत नाही. इंदूर तीन अंश पूर्वेला, म्हणजे बारा मिनिटांचा फरक. आईसुद्धा संकष्टीला मुंबईच्या वेळेतून दहा-बारा मिनिटं वजा करते, पण ते गणित तिला नणंदेने शिकवलं आहे, भूगोलाने नाही.

### 'पण अशा कॅलेंडरावर शेतसारा कसा गोळा करायचे?'

नव्हतेच करत. पीक सूर्याच्या वर्षावर येतं, सारा हिजरीवर मागितला तर दर ३३ वर्षांत एका वर्षाचा सारा जादा जातो. म्हणून अकबराने फसली सन काढला, पिकाशी जुळणारा. दक्षिणेत त्याच्याही आधीपासून शुहूर सन होता. तो सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू व्हायचा, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. आकडे मात्र अरबी शब्दांत: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. पेशवाईतली मोडी पत्रं उघडा. मजकूर मराठी, कारकून ब्राह्मण, आणि तारीख 'छ २० रमजान' अशी, 'छ' म्हणजे चंद्राची तारीख. रोजच्या पत्राला चंद्राचा महिना, साऱ्याला मृगाचं वर्ष, लग्नमुंजीला शक. तीन पंचांगं एका दौतीतून चालायची आणि कोणाचा गोंधळ उडत नव्हता.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवायला मी गॅलरीत गेलो. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते, आई घाई करत होती. कडुलिंब सोडवला, गाठी काढली, खण घडी करून ठेवला. तोवर सूर्य बुडाला. पंधरा-वीस मिनिटांनी पश्चिमेला, पाण्याच्या टाक्यांच्या वर, होडीसारखी आडवी एक बारीक कोर दिसली. एकदा दिसते, डोळे मिटून उघडले की सापडत नाही, अशी. मी आईला हाक मारली. तिने पदराने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं, हात जोडले आणि विचारलं, "मग तुझ्या मास्टरजींची उद्या ना?"

लांब कुठेतरी फटाके वाजले. फोन वाजला तो मास्टरजींचा. मागे मशीनचा खडखडाट चालू होता. "भिया, चांद मुबारक. कुर्ता परसों पक्का."